निर्लेखित मालातील धातू : वर्ध्याच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा उद्योग मित्र समिती, वर्धा यांस



महोदय, आपल्या कचेरीत येणारा बहुतेक प्रत्येक अर्ज काही ना काही मागणारा असतो, मग ती जमीन असो, पाणी असो, परवाना असो वा मुदतवाढ. हे पत्रही मागणीचेच आहे, परंतु येथे जी मागणी करावयाची आहे तिने सरकारी तिजोरीवर फारसा भार पडण्याचे कारण नाही, कारण आज जे द्रव्य आपल्या हद्दीतून लोखंडाच्या भावाने बाहेर जाते त्याची निदान मोजदाद व्हावी, एवढाच तिचा आशय आहे. ते द्रव्य म्हणजे निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, टंगस्टन, व्हॅनेडियम आणि प्लॅटिनमच्या कुळातील धातू. आणि ते जिल्ह्यातील एखाद्या डोंगराच्या पोटात नसून कारखान्यांच्या मागील अंगणात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कर्मशाळांत, पोलीस ठाण्यांच्या आवारात आणि सरकारी वाहनतळांवर असते.

वर्धा म्हटले म्हणजे कापूस, सोयाबीन, सेवाग्राम आणि पवनार एवढेच चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि धातूंचा विषय निघाला की तो शेजारच्या जिल्ह्यांकडे बोट दाखवतो : मँगनीज नागपूर-भंडाऱ्याचे, लोह गडचिरोलीचे, कोळसा चंद्रपूरचा. त्यातही जो जाणता असेल त्याला हे आठवेल की नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनचे खनिज असल्याचे भूगर्भशास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ठाऊक झाले होते. मात्र त्या ज्ञानाला शतक उलटून गेले तरी देशाला लागणारे टंगस्टन आजही परदेशांतूनच येते. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२३ मध्ये ज्या ३० खनिजांची यादी देशाच्या दृष्टीने निर्णायक म्हणून प्रसिद्ध केली, तीत टंगस्टन आहे, मॉलिब्डेनम, निकेल, कोबाल्ट, व्हॅनेडियम आहेत आणि प्लॅटिनमचे कूळही आहे. पुढे ४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनने टंगस्टन, मॉलिब्डेनम, टेल्युरियम, बिस्मथ आणि इंडियम यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि ज्या काँगोतून जगातील बहुतांश कोबाल्ट निघतो त्या देशाने त्याच महिन्यात कोबाल्टची निर्यात रोखून धरली. दिल्लीच्या दफ्तरांत या घटनांची जेवढी दखल घेतली गेली तेवढी जिल्ह्याच्या दफ्तरात घेतली गेली नाही, आणि तसा आपल्याकडे शिरस्ताही नाही; कारण खनिज म्हणजे जमिनीखालची वस्तू आणि भंगार म्हणजे जमिनीवरची अडगळ, असा भेद महसुली बुद्धीने फार पूर्वीच करून ठेवला आहे.

प्रथम मिश्रधातूंचे पाहू. भूगावला पोलादाचा मोठा कारखाना आहे, देवळीच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामाच्या सळ्या तयार होतात, आणि जुने लोखंड वितळवून नवे पोलाद करणे हे सर्वथा स्तुत्य कर्म आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचनाचा रोख कोणत्याही एका भट्टीवर आहे असा समज होणार नाही. सांगावयाचे आहे ते रसायनाच्या एका अटळ नियमाविषयी. वितळलेल्या भंगारात जे धातू एकत्र येतात त्यांच्यापैकी ज्यांना लोखंडापेक्षा प्राणवायूची ओढ अधिक, असे क्रोमियम, व्हॅनेडियम व टायटॅनियम बव्हंशी मळीत निघून जातात आणि ती मळी एखाद्या रस्त्याच्या भरावाखाली विसावते. ज्यांना ती ओढ कमी, असे निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम व तांबे पोलादातच राहतात आणि एखाद्या घराच्या खांबात वा पुलाच्या कमानीत बंदिस्त होतात, जेथे त्यांच्या गुणांचा कोणालाही उपयोग नसतो. किंबहुना तांबे प्रमाणाबाहेर वाढले तर तप्त पोलाद लाटताना त्याला भेगा पडतात. अशा वेळी धातू नष्ट झालेला नसतो, कोणी चोरलेला नसतो, कोणी फेकूनही दिलेला नसतो. तो केवळ अशा ठिकाणी मिसळलेला असतो की तेथून परत काढण्याचा खर्च त्याच्या मोलाहून कितीतरी पटींनी अधिक व्हावा. दुर्मिळ धातूंचा खरा शत्रू गंज नव्हे, सरमिसळ होय. आणि सरमिसळ भट्टीत होण्यापूर्वीच, गाडीत माल भरताना, झालेली असते.

स्टेनलेस पोलादाचेच उदाहरण घ्या. ३०४ क्रमांकाच्या जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ क्रमांकाच्या जातीत यांशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि औषधांच्या व रसायनांच्या कारखान्यांतील नळ्या, पंप व टाक्या पुष्कळदा याच जातीच्या असतात. याउलट स्वस्त भांड्यांसाठी आपल्या बाजारात २०० क्रमांकाच्या मालिकेतील जे पोलाद खपते, त्यात महाग निकेलचा बराचसा भाग काढून त्याच्या जागी मँगनीज घातलेले असते. कबाडी लोहचुंबक लावून पाहतो. चुंबक तिघांनाही सहसा चिकटत नाही, आणि तिन्ही जाती ‘स्टील’ या एकाच नावाने एकाच ढिगात जातात. जो कबाडी मुरलेला असतो तो तुकडा ग्राइंडरच्या चाकाला लावून ठिणगी पाहतो : साध्या पोलादाची ठिणगी उजळ आणि फुलणारी, टंगस्टन असलेल्या हायस्पीड पोलादाची आखूड, मंद आणि तांबूस. ही परीक्षा धातुशास्त्राच्या ग्रंथांत दिलेली आहेच, पण पदवीधरापेक्षा शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या माणसाला ती अधिक अचूक साधते, हे अनेकांनी पाहिले असेल. आणि त्या माणसाला आपल्या शासनव्यवहारात अद्याप नावही नाही, हे मला विलक्षण वाटते.

हायस्पीड पोलादाचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते आपल्या प्रत्यक्ष मुखत्यारीतील आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नर, मशिनिस्ट व फिटर हे व्यवसाय शिकवले जातात. तेथे लेथवर टूलबिट झिजतात, ड्रिल मोडतात, मिलिंग कटरचे दात जातात आणि कार्बाइडच्या टिपांचे कोपरे उडतात. सर्वसामान्य वापराच्या एम-२ जातीच्या हायस्पीड पोलादात सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असते. कार्बाइडच्या टिपेत तर वजनाचा फार मोठा भाग टंगस्टनचाच, आणि त्या कठीण कणांना जखडून ठेवणारा बंध कोबाल्टचा. ज्या खाणीतून टंगस्टन काढले जाते तेथील खनिजात त्याचे प्रमाण पुष्कळदा एक टक्क्याच्याही आत असते, हे लक्षात घेतले म्हणजे कर्मशाळेच्या संध्याकाळच्या झाडलोटीत जे जाते ते किती समृद्ध खनिज आहे याची कल्पना येईल. या टिपांचा पुनरुद्धारही मोठा कौतुकास्पद रीतीने होतो : त्या वितळलेल्या जस्तात सुमारे नऊशे अंशांवर ठेवल्या की जस्त कोबाल्टमध्ये शिरून त्या फुगवते व त्यांची वीण उकलते; नंतर निर्वातात जस्ताची वाफ करून ते काढून घेतले की मागे जी सच्छिद्र ढेप उरते ती चिमटीत भुगा होण्याइतकी ठिसूळ असते, आणि ती दळून पुन्हा टिपा घडवता येतात. अर्थात हे वर्ध्याने करावे असे मी म्हणत नाही. वर्ध्याने एवढेच करावे की टिपा एका डब्यात ठेवाव्या, टूलबिट दुसऱ्या डब्यात, आणि वर्षाअखेर दोन्हींचे वजन जडसंग्रह नोंदवहीत चढवावे.

उत्प्रेरकांची कथा याहून निराळी आणि अधिक बोधप्रद आहे. कारखान्यांत ज्याला कॅटलिस्ट म्हणतात तो पदार्थ स्वतः खर्च न होता रासायनिक क्रिया घडवून आणतो, असे शालेय पुस्तकात आपण वाचतो. प्रत्यक्षात तो माखतो, विषारतो, झिजतो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. सरकीचे वा सोयाबीनचे तेल गोठवून वनस्पती तूप करताना निकेलची सूक्ष्म पूड लागते. गंधकाम्लाच्या कारखान्यात व्हॅनेडियम पेंटॉक्साइड लागते. तेलशुद्धीकरणात इंधनातील गंधक काढून टाकण्यासाठी अॅल्युमिनाच्या कांड्यांवर बसवलेले कोबाल्ट वा निकेल आणि मॉलिब्डेनम लागते. या सर्वांत नायट्रिक आम्लाच्या कारखान्यातील प्लॅटिनमची जाळी ही मला नेहमी आदर्श वाटत आली आहे. अमोनिया आणि हवा यांचे मिश्रण साडेआठशे-नऊशे अंश उष्णतेवर प्लॅटिनम-रोडियमच्या तारांनी विणलेल्या अतिशय झिरझिरीत जाळ्यांतून पार होते, आणि त्या तापात प्लॅटिनम अंशाअंशाने वाफेच्या रूपाने उडून जाते; म्हणून त्या जाळ्यांच्या खाली पॅलॅडियमच्या जाळ्या पसरतात, ज्या उडालेल्या प्लॅटिनमला अडवून धरतात. जाळी बसवताना तिचे वजन होते, उतरवताना वजन होते, शुद्धीकरण करणाऱ्याकडे नमुना काढून दोन्ही पक्षांची रुजवात होते, आणि ग्रॅमाच्या फरकाचाही खुलासा मागितला जातो. मुंबईच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्ससारख्या खत कारखान्यांना हा व्यवहार नवा नाही. प्लॅटिनम महाग आहे म्हणून त्याचा जमाखर्च राहतो हे उघड आहे, पण जमाखर्च राहतो म्हणून ते परत येते, ही त्याच गोष्टीची दुसरी आणि अधिक उपयुक्त बाजू होय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये ६० धातूंच्या पुनर्वापराचा जो अहवाल प्रसिद्ध केला त्याप्रमाणे, वापरून झालेल्या मालातून निम्म्याहून अधिक परत येणारे धातू एकतृतीयांशाहून कमी निघाले आणि ३४ धातूंच्या बाबतीत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होते.

वापरून झालेल्या मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकाविषयी मात्र सावधगिरीचा शब्द लिहिला पाहिजे, कारण दुर्मिळ धातूंचे नाव ऐकून उद्या कोणी तरुण घराच्या परसात आम्लाची पिंपे मांडून बसेल तर त्यास माझ्या या पत्राचा आधार मिळू नये. हा माल तेलाने व गंधकाने माखलेला असतो आणि उघड्या हवेत आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तो प्रथम बेताच्या उष्णतेवर भाजून त्यातील तेल व गंधक घालवावे लागते, आणि निघणारा गंधकाचा धूर धुऊन काढावा लागतो. भाजताना ताप अधिक झाला तर मॉलिब्डेनमचे ऑक्साइडच वाफ होऊन निघून जाते. नंतर सोड्याबरोबर भाजून गरम पाण्यात विरघळवले की मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम पाण्यात उतरतात. अमोनियाचे क्षार टाकून आधी व्हॅनेडियम खाली बसवतात, मग आम्लाची मात्रा राखून मॉलिब्डेनम. आणि निकेल-कोबाल्ट जे गाळात उरते त्यासाठी पुन्हा वेगळी प्रक्रिया. प्रत्येक टप्प्यावर जे पाणी उरते ते कोठे सोडावयाचे हा प्रश्न असतोच. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेले उत्प्रेरक नावानिशी आले आहेत आणि त्यांच्या वाहतुकीबरोबर ठरावीक नमुन्याचा दस्तऐवज जावा लागतो, तो याचसाठी. धाम नदीचे पाणी आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेतही मला ते निकेलपेक्षा प्रिय आहे. म्हणून वर्ध्यात असा कारखाना काढावा अशी माझी मागणी नाही, आणि एखाद्या उत्साही उद्योजकाने तशी दरखास्त आणलीच तर आपण ती पाण्याच्या प्रश्नावर प्रथम तपासावी, असेच मी म्हणेन.

मग वर्ध्याने करावयाचे काय? त्याचे उत्तर या गावाच्या इतिहासात एका हिशेबनिसाने देऊन ठेवले आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाण पडले. त्याचे कार्यवाह जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन मुंबईत तो व्यवसाय केलेले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेले गृहस्थ होते. खादीच्या वेषामुळे लोक त्यांना केवळ साधुवृत्तीचे समजतात, पण त्यांची पहिली सवय मोजण्याची होती : गुजरातेत त्यांनी मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष या नात्याने १९३९ च्या सुमारास सहाशेंहून अधिक गावांची माहिती गोळा करविली, योजना मागाहून, मोजणी आधी. १९४५ मध्ये जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात त्यांनी कोळसा, तेल, खनिजे यांसारख्या साठ्यावर चालणारे अर्थकारण आणि पाऊस, पीक, वन यांसारख्या प्रवाहावर चालणारे अर्थकारण असा भेद केला, आणि साठा संपत जातो म्हणून त्यापायी राष्ट्राराष्ट्रांत वैर निर्माण होते असे प्रतिपादन केले. चीनच्या आणि काँगोच्या ताज्या बातम्या वाचताना त्या प्रतिपादनाची आठवण न होणे कठीण आहे. तथापि, त्यांच्या त्या वर्गीकरणात एक जागा मला अपुरी वाटते. कोळसा जाळला की तो राख होतो, तेल जाळले की धूर होतो. धातू जळून संपत नाही, तो विखुरतो, आणि विखुरण्याआधी त्याला वेगळे ठेवले तर साठ्यातून काढलेली वस्तूही काही अंशी प्रवाहासारखी फिरत राहू शकते. सगळी नव्हे, कारण प्रत्येक फेऱ्यात तूट येतेच, पण बरीचशी. कुमारप्पांना हा अपवाद मान्य झाला असता की त्यांनी मुळात इतक्या टिपा व इतकी वाहने हवीतच कशाला असा उलट प्रश्न केला असता, हे सांगणे कठीण आहे. बहुधा त्यांनी दोन्ही केले असते.

आता प्रत्यक्ष तजविजीकडे येतो. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि तीत जप्त झालेली वाहने मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यांच्या आवारात उन्हापावसात उभी असलेली कोणाही वाटसरूस दिसतात. यांपैकी पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या धुराच्या नळीत जो कन्व्हर्टर असतो, त्याच्या आतील मधाच्या पोळ्यासारख्या मृत्तिकेवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि रोडियम यांचा अत्यंत पातळ लेप असतो; आपल्या देशात चार महानगरांतील नव्या मोटारींना तो १९९५ पासून सक्तीचा झाला आणि नंतर सर्वत्र पसरला. एका मोटारीत हे धातू काही ग्रॅमच असतात. पण दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत एक टन खडक फोडून या कुळातील धातू सामान्यतः दहा ग्रॅमच्या आतच हाती येतात, उलट कन्व्हर्टरच्या एका टन मृत्तिकेत ते किलोच्या मापाने असतात. आणि यांपैकी रोडियमचा भाव २०२१ मध्ये सोन्याच्या दहापटींहूनही वर गेला होता. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, त्यामुळे खात्याखात्यांची वाहने आता निर्लेखनास येत राहणार. निर्लेखनाच्या प्रस्तावात वाहनाचा क्रमांक असतो, वर्ष असते, धावलेले अंतर असते. कन्व्हर्टर जागेवर आहे किंवा नाही, हा रकाना असावा. मुद्देमालाच्या पंचनाम्यातही तो असावा, म्हणजे वाहन जप्त होताना जी नळी होती ती लिलावाच्या दिवशीही आहे याची खात्री देता येईल. याहून अधिक नव्या कायद्याची येथे गरज नाही.

दुसरी गोष्ट परीक्षेची. हातात धरून धातूवर टेकवले की काही सेकंदांत त्यातील घटक व प्रमाण सांगणारे क्ष-किरण यंत्र आता काही लक्ष रुपयांत मिळते; त्याला कार्बन दिसत नाही, पण निकेल, मॉलिब्डेनम, टंगस्टन, कोबाल्ट उत्तम दिसतात. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सेवाग्रामला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि सुमारे ७५ किलोमीटरांवर नागपूरच्या वाडी येथे खाण मंत्रालयाच्या अखत्यारीतील जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. यांपैकी कोणाही एकाकडे असे यंत्र आठवड्यातील ठरावीक वारी, अल्प शुल्कात, कबाड्यांसाठी व लहान कारखानदारांसाठी खुले ठेवण्याविषयी आपण उद्योग मित्र समितीत मसलत करावी. त्याच मेजावर किरणोत्सर्ग मोजणारे साधे उपकरणही असावे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले एक जुने प्रयोगशाळेतील यंत्र फोडले गेले आणि त्यात एका कामगाराचा जीव गेला.

कबाड्यांविषयी एक विनवणी वेगळी करतो. नोंद हा शब्द ऐकला की या धंद्यातील माणसाला पोलीस आठवतो, आणि त्याचा तो अनुभव निराधार नाही. आपल्या हुकुमाने जर प्रथम त्यांच्यावर तपासणीची पथके सुटली तर माल रातोरात जिल्ह्याबाहेर जाईल आणि तो पुन्हा लोखंडाच्या भावानेच जाईल. याउलट त्यांना तुकड्याची जात सांगणारी लेखी चिठ्ठी मिळाली, तर ३१६ चा ढीग ते स्वतःच वेगळा रचतील, कारण त्यातील भावाचा फरक त्यांच्या खिशात येणार आहे. येथे लोभ हाच उत्तम कारकून आहे. केंद्र सरकारने ३ सप्टेंबर २०२५ रोजी निर्णायक खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची जी प्रोत्साहन योजना मंजूर केली तीत एकतृतीयांश रक्कम लहान व नव्या उद्योगांसाठी राखून ठेवली आहे, आणि जुन्या वाहनांतील कन्व्हर्टर हा तीत ग्राह्य धरलेला माल आहे. ती योजना धातू प्रत्यक्ष वेगळा काढणाऱ्यांसाठी आहे, केवळ निवडणाऱ्यांसाठी नव्हे. तरी काढणाऱ्याला निवडलेला, तपासलेला आणि कागद असलेला माल कोठून तरी घ्यावाच लागेल, आणि तो वर्ध्यातून का घेऊ नये, याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

तूर्त एवढेच करावे : उद्योग मित्र समितीच्या आगामी सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना टिपा व टूलबिट वेगळे ठेवण्याचे पत्र जावे, आणि सरकारी वाहनांच्या निर्लेखनाचा जो पहिला प्रस्ताव आता आपल्या सहीसाठी येईल तो, कन्व्हर्टरचा रकाना भरला नसल्यास, त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठवावा.



आपला,
जिल्ह्यातील एक रहिवासी